पूर्वी चिडायचात, ते बरं होतं

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

सप्रेम नमस्कार.

मी ५२ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी वडील गेले आणि काही महिन्यांतच मी साधनेकडे वळलो. त्याआधी या विषयाशी माझा फारसा संबंध नव्हता. एका मित्राच्या आग्रहाने ध्यानाच्या शिबिराला गेलो आणि आपण आजवर जगलो ते किती वरवरचं, हे पहिल्याच शिबिरात जाणवलं. पहिली तीन-चार वर्षं फार सुंदर गेली. ध्यानात प्रकाश दिसायचा, शरीराचं भान सुटायचं, डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. ‘मी कोण’ या प्रश्नाच्या उत्तराशी येऊन ठेपलो आहोत, असं वाटायचं.

गेल्या दोन वर्षांत हे सगळं थांबलं. बैठक रोज होते, पण कोरडी. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. सुरुवातीला मला ती प्रगतीची खूण वाटली होती. आता नुसता छताकडे बघत पडून राहतो. पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतही मन लागत नाही. वाचन मात्र भरपूर आहे.

घरच्यांना माझा प्रवास समजत नाही. पत्नी म्हणते, तुम्ही घरात असून नसता. मुलीची नोकरी अचानक गेली, ती रडत होती. जे घडतं त्यात आपल्यासाठी काहीतरी शिकवण असते, असं मी तिला शांतपणे समजावलं. तर म्हणाली, ‘बाबा, पूर्वी चिडायचात, ते बरं होतं.’ तेव्हाही मी विचलित झालो नाही, याचं समाधान वाटलं.

आमच्या केंद्रातले ज्येष्ठ साधक म्हणतात, संसारात पाय अडकल्यामुळे साधना अडली आहे. वर्षभर केंद्रात येऊन राहिलात तर पुढचा टप्पा उघडेल. घरच्यांचा विरोध ही परीक्षाच असते, असंही ते सांगतात. मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. पत्नीशी अजून बोललेलो नाही.

अनुभव का थांबले? केंद्रात राहायला जाऊ का? आणि इतकी वर्षं चालूनही ‘मी कोण’ हे कळत नसेल, तर माझं चुकतंय कुठे?

(नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर

नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण तुम्ही विचारलेत त्या क्रमाने नाही. आधी तुमच्या मुलीचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, घरच्यांना काही कळत नाही याचा पुरावा म्हणून. मला मात्र सबंध पत्रात तेवढं एकच वाक्य असं सापडलं ज्यात तुम्ही बाहेरून दिसता. बाकी सगळं तुमचं तुम्ही सांगितलेलं आहे.

नोकरी गेलेली मुलगी बापाजवळ येऊन रडते, तेव्हा तिला त्या घटनेचा अर्थ नको असतो. तो ती पुढेमागे लावेल, किंवा लावणारही नाही. त्या घडीला तिला इतकंच हवं असतं की आपल्याला जे लागलं ते समोरच्यालाही थोडं लागावं. पूर्वी तुम्ही चिडला असतात. तिच्या साहेबांवर, एकूण जगावर, कदाचित तिच्यावरसुद्धा. ते काही आदर्श वागणं नव्हे, आणि तिलाही ते परत हवं आहे असं मी समजत नाही. पण त्या चिडण्यात तुम्ही हजर होतात. या वेळी तिला जे मिळालं ते कुणालाही, कुठल्याही दुःखावर सांगता आलं असतं. त्यात ती नव्हती आणि तुम्हीही नव्हतात.

त्यापुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. मुलगी रडते आहे, काहीतरी बोचरं बोलून जाते आहे, आणि बाप त्या वेळी स्वतःची शांतता तपासून बघतो आहे की ती शाबूत आहे ना.

हा धोका काही तुमच्यापासून सुरू झालेला नाही. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने ‘विसुद्धिमग्ग’ या आपल्या ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता (म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि समत्व या चार भावनांचा सविस्तर विचार केला. प्रत्येकीला त्याने दोन शत्रू सांगितले, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा सहज ओळखू येतो. मैत्रीच्या विरुद्ध द्वेष, हे सांगायला शास्त्र लागत नाही. जवळचा शत्रू मात्र त्या भावनेसारखाच दिसतो आणि म्हणून घरात शिरतो. समत्वाचा जवळचा शत्रू त्याने सांगितला तो अज्ञानातून आलेली बेफिकिरी. दोघींचा चेहरा सारखाच: आवाज चढत नाही, कपाळाला आठी पडत नाही. मग ओळखायचं कसं? माझ्या मते एकच खूण उपयोगाची आहे. माणूस खरोखर शांत होत गेला तर त्याला समोरच्याचं बोलणं पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागतं. बेफिकिरीत ते कमी कमी होत जातं. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं आहे हे मी इथून सांगू शकत नाही. पण दोन माणसांनी, एकीने ‘घरात असून नसता’ म्हणून आणि दुसरीने चिडण्याची आठवण काढून, तुम्हाला उत्तर दिलेलं आहे.

आता एक शंका. पत्रावरून माणूस ओळखण्याचा दावा मी करत नाही, चूक वाटली तर सोडून द्या.

‘वडील गेले आणि मी साधनेकडे वळलो.’ वडिलांबद्दल पत्रात एवढंच आहे. प्रकाशाबद्दल त्याहून जास्त आहे. वडील कसे होते, कशाने गेले, तुमचं त्यांचं पटायचं का, शेवटी काही बोलायचं राहून गेलं का, एक अक्षर नाही. त्यानंतर काही महिन्यांत तुम्ही डोळे मिटून बसू लागलात आणि डोळ्यांतून आपोआप पाणी येऊ लागलं. ते तुम्ही साधनेच्या खात्यात जमा केलंत. मला वाटतं, त्यातलं पुष्कळसं वडिलांसाठी होतं. तुम्ही रडत होतात, आणि तुम्हाला सांगण्यात आलं (किंवा तुम्ही स्वतःला सांगितलंत) की हा आध्यात्मिक अनुभव आहे. यात कमीपणा काही नाही. शोक हा या वाटेवर येण्याचा फार जुना आणि सन्मानाचा दरवाजा आहे.

किती जुना, तर छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमार ऋषींकडे शिकायला येतो तेव्हाही तो त्याच दरवाजाने येतो. सनत्कुमार त्याला म्हणतात, तुला जे ठाऊक आहे ते आधी सांग, त्यापुढचं मी सांगेन. नारद यादी म्हणून दाखवतो: चारही वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. यादी लांबलचक आहे. तुमचं ‘वाचन मात्र भरपूर आहे’ वाचताना मला तीच आठवली. आणि ती संपल्यावर नारद जे बोलतो ते फार थोडे विद्वान बोलू शकतील. आत्मा जाणणारा शोक तरून जातो असं मी ऐकलं आहे, आणि भगवन्, मी शोक करतो आहे. शिकवणं सुरू होतं ते या कबुलीनंतर. ‘मी विचलित होत नाही’ असं म्हणत नारद आला असता, तर सनत्कुमारांनी सुरुवात कुठून केली असती कोण जाणे.

त्या संवादात पुढे एक जिना आहे. नामापेक्षा वाणी मोठी, वाणीपेक्षा मन मोठं, असं करत करत सनत्कुमार वर चढत जातात. त्यात ध्यान सहाव्या पायरीवर येतं. सहाव्या! त्याच्या पुढे काय आहे बघा: विज्ञान (म्हणजे इथे नीट उमगणं), मग बळ, अन्न, पाणी, तेज, आकाश, त्यानंतर स्मरण, आशा आणि प्राण. भूमा, म्हणजे ते अमर्याद, या सगळ्यानंतर. पंडितांनी या क्रमाचे अर्थ वेगवेगळे लावलेले आहेत आणि त्यांच्या वादात मी पडत नाही. पण ध्यानाची पायरी चढून गेल्यावर पुन्हा शरीर, भूक, आठवणी आणि आशा लागतात, आणि त्यांना खालच्या नव्हे तर वरच्या पायऱ्या म्हटलेलं आहे, एवढं तुमच्यापुरतं लक्षात ठेवण्यासारखं आहे. आठवणींची पायरी तुम्ही वगळली आहे असं मला वाटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला साधनेत न बसणारा वाटेल. वडिलांबद्दल कुणाशी तरी बोला. भावंडं असतील तर त्यांच्याशी, आई असेल तर तिच्याशी, नाहीतर पत्नीशी. तिने त्यांना जवळून पाहिलं असणार. त्यांचे गुण सांगायला नको. त्यांचा राग आला होता ते प्रसंग सांगा, त्यांना बोलायचं राहिलं ते सांगा. आणि हे बोलत असताना त्यातून काही शिकवण काढू नका.

अनुभव का थांबले, हा तुमचा पहिला प्रश्न. याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं असं की अनुभव थांबतातच. प्रकाश दिसणं, भान सुटणं हे सुरुवातीच्या काळात पुष्कळांना होतं. नव्या सरावाला शरीर-मन ज्या जोरात प्रतिसाद देतं तो जोर कायम टिकत नाही. शिवाय अनुभव आला म्हणजे आत काही पिकलं, असंही नसतं. नामदेवांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातून जेवतो, त्याच्याहून मोठा अनुभव कुणाचा? पण संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका मडकी थापटतात तसं एकेकाचं डोकं थापटत गेले. बाकीचे गप्प बसले आणि नामदेव मात्र चिडले. मडकं कच्चं ठरलं. मग ते रुसून थेट देवाकडे तक्रार घेऊन गेले, आणि देवानेही त्यांची बाजू घेतली नाही, विसोबा खेचरांकडे पाठवलं. आख्यायिका आहे, पण परंपरेने ती पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या मायेने सांगितली आहे आणि त्यामुळे नामदेव कुणाच्या नजरेत लहान झाले नाहीत. मला त्यात आवडतं ते असं की नामदेव कच्चे आहेत हे समाधीत कळलं नाही; चार माणसांत, डोक्यावर थापटी बसल्यावर कळलं. तुमच्या मुलीच्या हातातही बहुधा तेच थापटणं होतं. फरक इतकाच की नामदेव निदान ओरडले.

दुसरं उत्तर साधं आहे आणि त्यासाठी तुम्हाला केंद्रात नव्हे, डॉक्टरकडे जायचं आहे. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आवडीच्या गोष्टींत मन न लागणं, सगळं कोरडं वाटणं, आणि हे दोन वर्षं. ही वर्णनं नैराश्याच्या आजारातही येतात. तुम्हाला तो आहेच असं मी म्हणत नाही. तपासून घ्यावं इतकं मात्र नक्की आहे. अशी लक्षणं दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे राहिली तरी डॉक्टर ती गांभीर्याने घेतात. अध्यात्मात रस असलेल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना अपमान वाटतो, जणू आपल्या आत्म्याच्या प्रश्नावर कुणी गोळी दिली. पण हा भेद करायला खुद्द साधकांनीच शिकवलं आहे. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संतकवी जॉन ऑफ द क्रॉस याने या कोरडेपणावर जितकं लिहिलं तितकं क्वचितच कुणी लिहिलं असेल; १५७७-७८ मध्ये त्याच्याच संप्रदायातल्या लोकांनी त्याला टोलेडोत कित्येक महिने कोंडून ठेवलं होतं, तेव्हा अंधार म्हणजे काय हे त्याला नुसतं कल्पनेने माहीत नव्हतं. त्यानेही आधी बजावलं आहे की हा कोरडेपणा खिन्नतेच्या आजारातून किंवा शरीराच्या बिघाडातूनही येऊ शकतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. चारशे वर्षांपूर्वीच्या संताला जे मान्य होतं ते आपल्याला मान्य करायला हरकत नसावी.

त्यात आणखी एक भर. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यान करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या पाश्चात्त्य बौद्धांना त्यांनी ध्यानात आलेल्या अडचणींबद्दल सविस्तर विचारलं होतं. भीती, झोपेतले बदल यांच्या जोडीला काहींनी सांगितलं की भावनाच बोथट झाल्या, जवळच्या माणसांबद्दलही पूर्वीसारखं काही वाटेना. म्हणजे तुमच्या पत्नीला जे दिसतं आहे ते तुमच्या स्वभावाचा दोष नसून सरावाच्या मात्रेचा परिणामही असू शकेल. डॉक्टरांना रोज किती वेळ बसता तेही सांगा. काही काळ बैठक निम्म्यावर आणली तर जगबुडी होणार नाही.

आता ‘मी कोण’. हा प्रश्न तुम्ही ज्या तऱ्हेने मांडता, त्यात एक उत्तर कुठेतरी ठेवलेलं आहे आणि पुरेसं चाललं की ते हाती लागेल, असं गृहीत आहे. टप्पे, पुढचा टप्पा, टप्पा उघडणं, ही सगळी तीच भाषा. प्रवासाची उपमा सुरुवातीला धीर देते हे खरं, पण सहा वर्षांनी ती माणसाला हिशेबनीस बनवते: किती झालं, किती राहिलं, बाकीचे कुठवर पोचले.

हा प्रश्न आपल्या काळात ज्यांच्या नावाशी जोडला गेला त्या रमण महर्षींची हकीकत बघा. १८९६ साली, सोळाव्या वर्षी, मदुराईत एकटे बसलेले असताना त्यांना अचानक मरणाची भीती वाटली. धडधाकट मुलगा, कारण काही नाही. तो डॉक्टरकडे धावला नाही की कुणाला हाक मारली नाही; प्रेतासारखा ताठ पडला आणि मरतं ते नक्की काय, हे बघू लागला. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले होते, हेही लक्षात घ्या. भीती वाटते आहे तर ती भीतीच तपासायची, ‘मला भीती वाटत नाही’ असं स्वतःला समजवायचं नाही. पुढे आयुष्यभर ते शिकवत राहिले ते हेच, आणि ‘मी कोण’ हा जप नव्हे असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मनात जे उठेल ते धरून विचारायचं, हे कुणाला वाटतं आहे?

तर तुमच्यासाठी हा प्रश्न विचारण्याची जागा पहाटेची बैठक नव्हे. मुलगी म्हणाली, ‘पूर्वी चिडायचात, ते बरं होतं’. त्या क्षणी आत काय झालं? तुम्ही म्हणता, काही नाही. मला ते खरं वाटत नाही, कारण काहीच झालं नसतं तर ते वाक्य तुम्ही शब्द न् शब्द लक्षात ठेवून मला लिहून पाठवलं नसतं. काहीतरी खुपलं. कुणाला खुपलं? सहा वर्षं साधना करणाऱ्या, घरात सगळ्यांपेक्षा पुढे गेलेल्या, कधीही न चिडणाऱ्या एका माणसाला. हा माणूस तुम्ही गेल्या काही वर्षांत मेहनतीने घडवलेला आहे आणि त्याला जपताना तुमची शक्ती खर्च होते आहे. ‘मी कोण’ या प्रश्नाचं सध्या हाताशी असलेलं, थोडं ओशाळवाणं, पण अस्सल उत्तर ते आहे. तुम्हाला प्रकाशासारखं काहीतरी अपेक्षित होतं, मला कल्पना आहे.

माझं मत विचाराल तर आत्मशोधात सापडणाऱ्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. आपण किती चटकन तोंड फिरवतो, कुणाच्या कौतुकाची वाट बघतो, कुठली भीती शहाणपणाचे कपडे घालून वावरते. हे सगळं ओलांडल्यावर आणखी खोल काही आहे असं सांगणारे लोक प्रत्येक परंपरेत होऊन गेले आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण हे टाळून तिथे गेलेलं मात्र मी कुणाबद्दल वाचलेलं नाही.

राहिला केंद्राचा प्रश्न.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रिअस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी राहत होता. एकांतात राहणाऱ्या साधूला भरदुपारी गाठणाऱ्या एका सैतानाचं त्याने वर्णन केलं आहे. सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो. मग त्याला आपल्या खोलीचा, कामाचा कंटाळा येतो, सोबतच्या बांधवांमध्ये प्रेम उरलं नाही असं वाटतं, आणि दुसरीकडे कुठेतरी सगळं सोपं होईल याची चित्रं दिसू लागतात. तो सैतान युक्तिवादही धार्मिकच करतो: देवाला काय, कुठेही आळवता येतं! एव्हाग्रिअसचे साधू मठाच्या खोलीतून घराची स्वप्नं बघत. तुम्ही घरातून केंद्राची बघता. जागा बदलल्या, ओढ तीच. ‘इथे अडलं आहे, तिथे उघडेल’ हा विचार कोरडेपणातून आला आहे की खऱ्या हाकेतून, हे कोरडेपणा चालू असताना कळत नाही. म्हणून अशा काळात मोठा, न फिरवता येणारा निर्णय घेऊ नये.

माझा विरोध घर सोडण्याला नाही. कधी कधी जावं लागतं. अल गझाली हा इस्लामी धर्मपंडित १०९५ मध्ये बगदादच्या सर्वांत प्रतिष्ठित मदरशाचा मुख्य अध्यापक होता. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून नावलौकिकासाठी, हे त्याला दिसू लागलं. एक पाय पुढे, एक मागे, अशा अवस्थेत त्याचे जवळजवळ सहा महिने गेले. शेवटी वर्गात जीभच उचलेना, शब्द फुटेना. मग तो निघाला. पण आपली मालमत्ता वाटून टाकताना मुलांच्या निर्वाहापुरतं त्याने बाजूला ठेवलं, हेही त्याने लिहिलं आहे. पुढची जवळपास दहा-अकरा वर्षं तो या पदापासून दूर राहिला. त्यातही मुलाबाळांच्या ओढीने मायदेशी परतला आणि संसाराच्या व्यापाने एकांत भंग पावत राहिला, हे त्याने न लाजता नोंदवलं. ११०६ मध्ये तो पुन्हा शिकवू लागला. त्याने घरच्यांना परीक्षेतला पेपर समजलं नाही.

तुमच्या बाबतीत मला खटकलं ते इथेच. घरच्यांचा विरोध ही परीक्षा, असं ज्येष्ठ साधक म्हणतात आणि तुम्हाला ते पटतं. पण विरोध कुठे आहे? तुम्ही पत्नीला अजून सांगितलेलंच नाही. तिने ‘नाही’ म्हणायच्या आधीच तिच्या ‘नाही’ला अडथळा ठरवून तुम्ही मोकळे झालात. कदाचित ती ‘जा’ म्हणेल. कदाचित म्हणेल, सहा वर्षं तसेही गेलेलेच आहात. कदाचित पैशांचा असा एखादा प्रश्न विचारेल ज्याचा तुम्ही विचारच केलेला नसेल. तिच्याशी बोला, आणि निर्णय सांगायला म्हणून नव्हे, विचारायला म्हणून बोला. अर्ज लिहून ठेवला आहे हेही सांगा. ते सांगणं सगळ्यांत अवघड जाईल.

मुलीशी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते. तिच्याकडे जाऊन एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी मी तुझं ऐकलंच नाही, आता सांग.’ आणि मग गप्प बसा. तिने काही नाही सांगितलं तर चार दिवसांनी पुन्हा जा.

आणि केंद्राला काही साधे प्रश्न विचारा. वर्षाच्या मध्ये परत यावंसं वाटलं तर येता येतं का, की ते अपयश धरलं जातं? घरी हवं तेव्हा बोलता येतं का? राहण्याचा खर्च, देणगी, निवृत्तीचे पैसे यांविषयी त्यांची काय अपेक्षा आहे? साधकाची झोप उडाली, मन खचलं, तर ते त्याला डॉक्टरकडे पाठवतात की साधना वाढवायला सांगतात? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही. प्रत्येक शंकेचं उत्तर ‘तुमचा अहंकार बोलतो आहे’ असं येऊ लागलं, तर तिथे एक आठवडाही राहू नका. शंका विचारणाऱ्याला दोषी ठरवणारी जागा साधनेची असो की धंद्याची, तिथला कारभार एकाच पद्धतीने चालतो.

उत्तरं समाधानकारक आली आणि पत्नीशी बोलणं झालं, की रजा काढून तीन आठवडे राहून या. निवृत्तीच्या अर्जाला सहा महिने हात लावू नका. नोकरी सोडायचीच असेल तर तेव्हाही सोडता येईल, सोडलेली परत मिळणं मात्र कठीण. डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या. या सगळ्या कामांत तेच सर्वांत सोपं आहे, आणि तुम्ही सर्वांत शेवटी कराल अशी मला शंका आहे.